अर्धपोटी किती? सुखात्मे, दांडेकर आणि दोन चलांचे एक फलन

एखादी व्यक्ती अर्धपोटी आहे असे केव्हा म्हणावे? तिला आहारातून मिळणारे उष्मांक तिच्या शरीराच्या गरजेपेक्षा कमी पडतात तेव्हा. व्याख्या सोपी दिसते. पण तीत दोन राशी आहेत आणि दोन्ही माणसागणिक बदलतात. त्यामुळे देशात अर्धपोटी लोक किती, हा प्रश्न दोन संतत यादृच्छिक चलांच्या संयुक्त संभाव्यता घनता फलनाचा ठरतो. आहार एका अक्षावर, गरज दुसऱ्यावर आणि घनता उंचीने दाखवली, तर एक टेकडी उभी राहते. आहार गरजेहून कमी असलेल्या बाजूला त्या टेकडीचे जेवढे घनफळ, तेवढे अर्धपोटी लोकांचे प्रमाण.

हा प्रश्न पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आयुष्यभर हाताळला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आणि १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पीककापणी प्रयोगांच्या कामात गुंतले. कापणीसाठी निवडलेला तुकडा फार लहान असेल तर कडेची रोपे आत मोजली जातात आणि उत्पन्न फुगते, हे त्यांनी तेथेच दाखवून दिले. १९५१ साली ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले. पिकाच्या मोजणीकडून भुकेच्या मोजणीकडे जाणारा हा रस्ता तसा सरळच होता.

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात, तेथे त्यांनी दारिद्र्यरेषा आखली. निवृत्तीनंतर पुण्यात परतलेल्या सुखात्मे यांचा आक्षेप असा: सरासरी गरज म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. निरोगी, पुरेसे खाणाऱ्या गटातही अनेकांचा आहार सरासरीखाली असतो. एकाच माणसाची गरजही काळानुसार बदलते. म्हणून सीमा सरासरीतून प्रमाण विचलनाच्या दुप्पट वजा करून धरावी.

येथे सहसंबंधाचे महत्त्व कळते. केवळ उदाहरणादाखल, सरासरी आहार २४०० आणि सरासरी गरज २२०० उष्मांक, दोहोंचे प्रमाण विचलन ३०० आणि संयुक्त वितरण प्रसामान्य माना. दोन्ही चल परस्परांपासून स्वतंत्र असतील तर सुमारे ३२ टक्के लोक अर्धपोटी ठरतात, सहसंबंध ०.८ असेल तर सुमारे १५ टक्केच. दोन्ही सीमांत वितरणे तीच, सरासऱ्याही त्याच. तरी निम्म्याहून अधिक अर्धपोटी लोक कागदावरून नाहीसे होतात.

दांडेकरांना हे गणित अमान्य नव्हते. त्यांचा विरोध त्याच्या वापराला होता. कमी आहार आणि कमी उत्पन्न बरोबरच आढळतात. मग गरिबाच्या ताटातील तूट ही निरोगी माणसांमधील नैसर्गिक फरकाचा भाग कशी मानावी? पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा मुद्दा अधिक बोचरा होता. अपुऱ्या अन्नाशी शरीर जुळवून घेते खरे, पण वाढ खुंटून आणि हालचाल घटवून. म्हणजे आहार आणि गरज यांच्यात सहसंबंध आढळला, तरी माणूस गरजेप्रमाणे खातो की मिळेल तेवढ्यात शरीर आवरते घेतो, हे घनता फलन सांगत नाही. सुखात्मे यांच्या मांडणीची ही खरोखरच दुबळी बाजू होती. मात्र सरसकट सरासरीची रेषा आखण्यातील चूक त्यांनी अचूक दाखवली होती.

हा वाद १९८० च्या दशकातही चालूच होता. संयुक्त फलन वापरायचे तर एकाच व्यक्तीचा नेहमीचा आहार आणि तिची गरज दोन्ही एकत्र मोजायला हवीत. मोठ्या सर्वेक्षणांत गरज मोजली जात नाही. म्हणून अन्न व कृषी संघटनेचा अल्पपोषणाचा निर्देशांक आजही आहाराचे एकट्याचे वितरण घेतो आणि किमान गरजेच्या एका सीमेखालचे क्षेत्र मोजतो.