जुनी रोड सायकल घेताना : बैठक, तपासणी आणि रास्त किंमत

अरुंद टायर, खाली वळलेले हँडल आणि हलकी चौकट असलेली रोड सायकल नवी घ्यायची, तर साध्या सायकलीच्या कित्येक पट खर्च येतो. त्यामुळे अनेक जण पहिली रोड सायकल वापरलेलीच घेतात. अशा व्यवहारात रंग आणि गिअरची संख्या आधी पाहिली जाते. सायकल आपल्या मापाची आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न मागे राहतो.

चौकटीचे माप ५२, ५४, ५६ असे सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. मात्र मोजण्याची पद्धत सर्वत्र सारखी नसल्याने एका कंपनीची ५४ ही दुसरीच्या ५६ इतकी भरू शकते. तुलनेसाठी ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ ही मापे अधिक भरवशाची. पायडलच्या आसाच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवे अंतर म्हणजे रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल, तितके कमी वाकावे लागते. सीट बदलता येते, हँडल धरणारा स्टेम एक-दोन सेंटिमीटर आखूड बसवता येतो. चौकट मात्र आहे तशीच राहते.

टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले असता गुडघा जेमतेम सरळ झाला, तर सीटची उंची साधारण बरोबर समजावी. त्यानंतर किमान अर्धा तास सायकल चालवून पाहावी. पाच मिनिटांच्या फेरीत कोणतीही सायकल सुखाचीच वाटते. बोटांना मुंग्या येणे किंवा मानेला रग लागणे हे बहुधा रीच जास्त असल्याचे, तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखणे हे सीट खाली असल्याचे लक्षण होय. खडबडीत रस्त्यांवर २८ मिलिमीटरचा टायर २३ पेक्षा पुष्कळ सुसह्य ठरतो. परंतु रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या जुन्या सायकलींपैकी अनेकींत २५ च्या पुढचा टायर मावत नाही, ही जागा आधीच पाहून घ्यावी.

चेनची झीज साध्या पट्टीनेही कळते. नव्या चेनमधील २४ कड्यांची लांबी, पिनेच्या मध्यापासून मोजल्यास, १२ इंच असते. ती एक-सोळांश इंचाने वाढली असल्यास चेन बदलावी लागते. एक-अष्टमांश इंचाने वाढली असल्यास मागील दातेरी चक्रांचा खर्चही बहुधा धरावा लागतो. चाक फिरवून ते ‘आऊट’ आहे का, हेही पाहावे. ॲल्युमिनियमच्या चौकटीत जोडांजवळ रंगाला केसासारखी भेग दिसल्यास सावध व्हावे. कार्बनच्या चौकटीला आतून झालेली इजा बाहेरून दिसेलच असे नाही. सायकल आपटल्याची शंका असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये.

किंमत ठरवताना विक्रेत्याने पूर्वी मोजलेली रक्कम नव्हे, तर तीच किंवा तिच्या तोडीची सायकल आज नवी कितीला मिळते, हे पाहावे. सायकलींवरील वस्तू आणि सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी ५०,००० रुपयांची सायकल पूर्वी ५६,००० रुपयांना पडत असे, ती ५२,५०० रुपयांना पडते. जुनी पावती पुढे करून भाव सांगितला जात असेल, तर हा फरक लक्षात आणून द्यावा. चेन, टायर, ब्रेकचे पॅड आणि केबल यांचा अंदाज कारागिराकडून घेऊन तो मागितलेल्या किमतीत मिळवावा. ही बेरीज नव्या सायकलीच्या जवळपास जात असेल, तर जुनी घेण्यात हशील नाही, कारण नवीसोबत मिळणारी हमी जुन्या मालकाकडून दुसऱ्याकडे जातेच असे नाही.

सायकलीला मोटारसायकलीसारखे नोंदणीपत्र नसते, त्यामुळे मूळ पावती हाच मालकीचा मुख्य पुरावा ठरतो. चौकटीवरील क्रमांक बहुधा पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो. तो पावतीशी ताडून पाहावा. खरवडलेला आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. पावती हरवली असल्यास विक्रेत्याकडून क्रमांक, रक्कम आणि तारीख नमूद केलेले सहीचे पत्र व ओळखपत्राची प्रत घ्यावी.