गुग्गुळाची परीक्षा: धुरी, काढा आणि काशीतील एक प्रबंध

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की निखाऱ्यावर चिमूटभर गुग्गुळ टाकण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही आहे. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत ओवा, शेपा, वेखंड यांच्याबरोबर गुग्गुळाची धुरी दिली जाते. ती कशासाठी, असे विचारले तर घरातील वडीलधारी माणसे दोन उत्तरे एका दमात देतात: हवा शुद्ध होते आणि दृष्ट लागत नाही. औषध आणि रक्षामंत्र यांची ही सरमिसळ फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडातील अडतिसावे सूक्त गुग्गुळाविषयी आहे. त्याचा सुगंध ज्याच्यापर्यंत पोहोचतो त्याला रोग गाठत नाही आणि शापही बाधत नाही, असा त्याचा आशय.

याच गुग्गुळाची आधुनिक विज्ञानाने जी परीक्षा घेतली, तिचा आरंभ वाराणसीत झाला. ही परीक्षा जवळजवळ चार दशके चालली. तिचा निकाल आरंभी वाटला होता तसा लागला नाही, आणि म्हणूनच तिचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे.

वाराणसीचे आणि शल्यतंत्राचे नाते परंपरेने फार जवळचे मानले आहे. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुताला व त्याच्या सहाध्यायांना जो उपदेश केला, तोच सुश्रुतसंहितेच्या रूपाने आपल्यापुढे आहे, असे ती संहिता स्वतःच सांगते. या ग्रंथात गुग्गुळ अनेक ठिकाणी येतो. त्यांपैकी दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात शस्त्रक्रियेनंतर काय करावे याचे वर्णन आहे. व्रण धुऊन बांधल्यावर गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ, कडुनिंबाची पाने आणि तूप यांची धुरी द्यावी, असे तिथे सांगितले आहे. त्याच्या लगेच पुढे रोग्याच्या रक्षणासाठी म्हणावयाचे मंत्र येतात. व्रणावर टपून बसलेल्या अदृश्य शक्तींना दूर ठेवणे हा त्या सगळ्या विधीचा उद्देश होता. धुरी आणि मंत्र एकाच कृतीचे दोन भाग होते.

पंधराव्या अध्यायातला सूर निराळा आहे. कफ वाढवणारा आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप यांमुळे मेद वाढतो, तो शरीरातील स्रोतसांचे मार्ग अडवतो आणि त्यातून प्रमेहासारखे विकार उद्भवतात, असे तिथे म्हटले आहे. या स्थूलतेवर जी द्रव्ये सुचवली आहेत त्यांत शिलाजित, त्रिफळा, मध यांच्या जोडीला गुग्गुळ आहे. इथे मंत्र नाही. कारण सांगितले आहे, त्याचा परिणाम सांगितला आहे आणि उपायही. अशा विधानाची परीक्षा घेता येते.

ही गोष्ट ज्यांनी हेरली त्या डॉ. जी. व्ही. सत्यवती. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचे अभ्यासक एकाच आवारात काम करीत होते. तिथे डॉ. सी. द्वारकानाथ यांच्यासारख्या आयुर्वेदाच्या व्यासंगी अभ्यासकाच्या सहवासात सत्यवतींनी मेदोरोगाचे ते वर्णन वाचले. त्या काळी हृदयाच्या रोहिण्यांत मेद साचून त्या अरुंद होणे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा संबंध जगभर चर्चेत होता. मेदाने मार्ग अडणे ही जुनी कल्पना आणि रोहिण्यांचे काठिण्य ही नवी कल्पना यांत त्यांना साम्य दिसले. साम्य दिसले म्हणून त्यांनी जुन्या ग्रंथाला सर्वज्ञ ठरवले नाही. त्यांनी सशांवर प्रयोग मांडले.

प्रयोगाची मांडणी सरळ होती. ज्या सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवलेले होते, त्यांना गुग्गुळ दिला. त्यांचे कोलेस्टेरॉल लक्षणीय रीतीने उतरले. कोलेस्टेरॉलयुक्त आहारामुळे रोहिण्यांत होणारी विकृतीही गुग्गुळ दिलेल्या सशांत कमी आढळली. १९६६ मध्ये त्यांनी हा प्रबंध बनारस हिंदू विद्यापीठाला सादर केला. १९६९ मध्ये द्वारकानाथ आणि एस. एन. त्रिपाठी यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथातील वचनाला पुरावा न मानता प्रश्न मानायचे, ही त्या कामामागची दृष्टी होती.

पुढचा टप्पा रसायनशास्त्राचा. गुग्गुळ म्हणजे कॉमिफोरा वायटी या काटेरी झुडपाच्या सालीला चीर दिल्यावर पाझरणारा डिंक. त्यात पाण्यात विरघळणारा गोंद, पाण्यात न विरघळणारी राळ आणि उडून जाणारे सुगंधी तेल असे तिन्ही घटक असतात. वैद्य तो कच्चा वापरीत नाहीत. फडक्यात बांधलेली गुग्गुळाची पुरचुंडी त्रिफळ्याच्या काढ्यात लोंबती ठेवून मंद आचेवर उकळतात. गुग्गुळ विरघळून काढ्यात उतरतो, काडीकचरा फडक्यातच राहतो. मग तो काढा आटवून, तूप लावून कुटतात आणि गोळ्या वळतात. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही घरोघरी ठाऊक असलेली नावे या पद्धतीतून आली आहेत.

या मिश्रणातील नेमका कोणता घटक परिणाम घडवतो? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी राळेतील स्टेरॉइड वर्गातील संयुगे वेगळी केली. १९७२ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्यांतील ई आणि झेड या दोन रूपांत आढळणारे गुग्गुलस्टेरॉन पुढे जगभर अभ्यासले गेले. हे संयुग पाण्यात फारच थोडे विरघळते. म्हणून प्रयोगशाळेत इथाइल ॲसिटेट या द्रावकाने त्याचा अर्क काढतात. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घडली. घरातला काढा, वैद्याची गोळी आणि प्रयोगशाळेतला अर्क यांचे नाव एकच राहिले, पण त्यांतील घटकांचे प्रमाण एक राहिले नाही. खुद्द सुश्रुतसंहितेनेच नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करणारा आणि जुना ते कृश करणारा असा भेद केला आहे. म्हणजे गुग्गुळ दिला एवढे म्हणणे प्राचीनांनाही पुरेसे वाटत नव्हते.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने इथाइल ॲसिटेटने काढलेल्या अर्काचे गुगुलिपिड हे प्रमाणित औषध तयार केले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारात आले. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी येथील रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवडे औषध घेतलेल्या २०५ रुग्णांपैकी सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के आणि ट्रायग्लिसराइड २२.६ टक्के उतरल्याचे त्यात नोंदवले होते. काशीच्या प्रबंधाला मिळालेली ही मोठी पावती वाटली.

मग २००२ साल आले. अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुलस्टेरॉनच्या कार्याची यंत्रणा मांडली. यकृतातील पेशींत एफएक्सआर नावाचा एक ग्राहक असतो. पित्ताम्ले पुरेशी झाली की तो कोलेस्टेरॉलपासून नवी पित्ताम्ले बनवण्याची क्रिया मंदावतो. गुग्गुलस्टेरॉन या ग्राहकाला अडवते, असे दिसून आले. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल गुग्गुलस्टेरॉनने घटले. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता, त्यांच्यात मात्र ते घटले नाही. प्राचीन वचन, प्राण्यांवरील प्रयोग, रुग्णांवरील चाचणी आणि आता रेणूच्या पातळीवरचे स्पष्टीकरण अशी सगळी साखळी जुळली.

आणि पुढच्याच वर्षी ती तुटली. २००३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात फिलाडेल्फिया येथील चाचणीचा निष्कर्ष आला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांचे सोडत पद्धतीने तीन गट केले होते. एकाला दिवसातून तीनदा एक ग्रॅम गुग्गुळाचा अर्क, दुसऱ्याला तीनदा दोन ग्रॅम, तर तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. आठ आठवड्यांनी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे घातक मानले जाणारे कोलेस्टेरॉल, पाच टक्के उतरले होते. अर्क घेणाऱ्यांचे अनुक्रमे चार आणि पाच टक्के वाढले होते. काहींच्या अंगावर पुरळ उठले. नॉर्वेतील ४३ जणांच्या २००९ मधील चाचणीतही एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

मग १९८९चे आकडे खोटे होते का? तसे म्हणण्याचे कारण नाही. त्या चाचणीचा पहिला भाग खुला होता. रुग्णाला आणि डॉक्टरला औषध सुरू असल्याचे ठाऊक होते. दुसरा भाग दुहेरी अंध होता, पण त्यातील तुलना क्लोफायब्रेट या दुसऱ्या औषधाशी होती. उपचार सुरू झाला की माणूस खाण्यापिण्यात जपू लागतो, चालू-फिरू लागतो. मोजणीत एकदा फार वर गेलेला आकडा पुढच्या वेळी आपोआपही थोडा खाली येतो. आहार, शरीरप्रकृती आणि अर्काची घडण यांतील भेदांचाही वाटा असू शकतो. या सर्वांतून औषधाचा स्वतःचा वाटा वेगळा काढायचा, तर शेजारी औषध नसलेली गोळी घेणारा गट असावाच लागतो. तसेच, उंदराच्या यकृतात सापडलेली यंत्रणा कितीही सुबक असली तरी माणसाच्या रक्तात तोच परिणाम दिसेल याची ती हमी देत नाही.

इथे पुन्हा सुश्रुताच्या धुरीकडे पाहावे. निखाऱ्यावर गुग्गुळ टाकणारा, काढा ढवळणारा किंवा कॅप्सूल गिळणारा माणूस त्या द्रव्याबरोबर आपली इच्छाही त्यात घालतो. आपले माणूस बरे व्हावे ही ती इच्छा. ती खोटी नसते आणि हास्यास्पदही नसते. पण तिच्यामुळे द्रव्याचा गुण किती आणि आशेचा किती हे कळेनासे होते. दुहेरी अंध चाचणी ही त्या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याची रीत आहे. आशेचा अनादर न करता ती तिला फक्त मोजणीच्या बाहेर ठेवते.

हे निव्वळ तात्त्विक नाही. घरगुती उपाय निरुपद्रवी असतो या समजुतीने अनेक जण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांबरोबर, कधी त्यांच्याऐवजीही, गुग्गुळ घेतात. मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की गुगुलिपिडबरोबर घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाब व हृदयविकारावरील औषधांचे रक्तातील प्रमाण कमी होते. म्हणजे काहीच न करणारा म्हणून घेतलेला उपाय चालू उपचाराची धार बोथट करू शकतो.

दुसरी किंमत झुडपाने मोजली आहे. राजस्थान, कच्छ आणि सिंधच्या रुक्ष प्रदेशात वाढणारे हे झुडूप अत्यंत सावकाश वाढते. अधिक डिंक मिळावा म्हणून खोल चिरा दिल्या, चिरेत रसायने भरली, की ते वाळून मरते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजाती म्हणून आहे. ज्या गुणाचा ठाम पुरावा मिळाला नाही, त्या गुणाच्या मागणीपायी वनस्पतीच नाहीशी होण्याची वेळ आली आहे.

मग काशीतील तो प्रबंध वाया गेला का? सत्यवतींनी पुढे भारतीय औषधी वनस्पतींवरील संदर्भग्रंथाच्या संपादनात मोलाचा वाटा उचलला आणि १९९०च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालकपद भूषवले. १९६६ मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न इतका नेमका होता की सदतीस वर्षांनी दूरच्या शहरातील संशोधकांना त्याचे प्रतिकूल उत्तर देता आले. ज्या विधानाला चूक ठरण्याची सोयच नसते, त्याची परीक्षा कोणी घेत नाही. गुग्गुळाला धुरीच्या धूसर प्रदेशातून बाहेर काढून होय किंवा नाही म्हणता येईल अशा जागी आणून ठेवणे, हेच त्या प्रबंधाचे यश. देवापुढची धुरी उद्याही दिली जाईल आणि तिला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र तपासूनच घ्यावे लागेल.