मनोविकार आणि मेंदूची चुंबकीय प्रतिमा
१९४६ मध्ये ब्लॉख व पर्सेल यांनी द्रव-घन पदार्थांतील चुंबकीय अनुस्पंदन स्वतंत्रपणे दाखविले. १९७३ मध्ये लॉटरबर यांनी त्यापासून प्रतिमा घडविली. तीच आजची एम.आर.आय. दरम्यान, १९७६ मध्ये, जॉनस्टन प्रभृतींना संगणकीय क्ष-किरणचित्रांत छिन्नमनस्कतेच्या रुग्णांची मस्तिष्कविवरे विस्तारलेली आढळली होती. नव्या तंत्राने त्यास दुजोरा दिला. तथापि हा फरक समूहाच्या सरासरीचा होय. निरोगी व रुग्ण यांची मापे परस्परांत इतकी मिसळतात की, शिरूरहून एस.टी.ने वा दौंडहून आगगाडीने पुण्यास आणलेल्या एखाद्याचे निदान त्यावरून होत नाही. अर्बुद वा रक्तस्राव मात्र दिसतो, आणि हे थोडे नव्हे. अडचण निर्दोष चित्राची: ते पाहून आजारच नाही, असे घरचे समजतात. वस्तुतः निदान अद्यापि त्यांनीच सांगितलेल्या हकिकतीवर व रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीवर अवलंबून आहे.