पेढीवाल्याचं बेट

पाय जपून टाका. धक्क्याच्या फळ्या कोरड्या आहेत, तरी बूट घसरतो आणि टाचेखाली काहीतरी कुरकुर चुरडतं. पहिल्या पावसात दिव्याभोवती वाळवीची पाखरं जमतात ना, तसलेच हे किडे, पण लाखांनी. मे-फ्लाय म्हणतात यांना. जूनअखेर ईरी सरोवराच्या तळातून वर येतात, दीड-दोन दिवस जगतात आणि तेवढ्यात भिंती, दोरखंड, बायकांच्या टोप्या, सगळं व्यापून टाकतात. मेल्यावर त्यांना चक्क मासळीचा वास सुटतो. मानेवरून एक चालतोय तो झटका. आणि बोलताना तोंड फार उघडू नका.

साल १८७०, अमेरिकेतलं ओहायो राज्य. सँडस्कीच्या बंदरातून ज्या आगबोटीने तुम्ही आलात तिचं नाव ‘जे कुक’. ज्याच्या नावाची बोट, त्याच्याच घरी आपल्याला जायचंय. पण अजून थोडं पाणी बाकी आहे. इथे पुट-इन-बे गावाच्या धक्क्यावर गर्दी उतरतेय. पेट्या आदळतायत, लोकरी कोटांतून घामाचा वास येतोय, बॉयलरचा धूर डोळ्यांत चुरचुरतोय आणि एक पोर आईस्क्रीमसाठी भोकाड पसरून बसलंय. या गोंधळातून डावीकडे सरका. ती छोटी होडी दिसते? बसा तिच्यात. मधोमध बसा, नाहीतर नावाडी ओरडेल.

समोर आहे ते जिब्राल्टर. नाव दांडगं, बेट चिमुकलं. साडेसहा एकरांच्या आसपास. चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या पायाशी पाण्याने कोरलेलं एक नेढं, वर देवदारासारखी झाडं आणि झाडांतून डोकं काढणारा दगडी बुरूज. कुकने हे बेट १८६४ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी हे घर उभं राहिलं. आज तिथे ओहायो स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे आणि विद्यार्थी सरोवरातल्या माशांचा अभ्यास करतात. मला ही गोष्ट फार समाधानाची वाटते. पण ते पुढचं. आत्ता आतून पोरांची धावपळ ऐकू येतेय आणि कुणीतरी लोणी गरम करतंय.

तो आला बघा. पन्नाशीला टेकलेला, गोरा, निळ्या डोळ्यांचा, दाढीवाला. यादवी युद्धात सरकारी तिजोरी रिकामी पडली तेव्हा रोखे विकायचं काम याने अंगावर घेतलं आणि शंभर कोटी डॉलरांच्या वर रक्कम उभी केली. ती काही बड्या चार घरांतून आली नव्हती. पन्नास डॉलरचा रोखासुद्धा मिळायचा, आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला घेता यावा म्हणून विक्रीच्या कचेऱ्या रात्री उघड्या ठेवल्या जात. शेतकरी, शिक्षक, गिरणीतल्या बाया, सगळ्यांच्या गाठीचा पैसा या माणसाच्या शब्दावर बाहेर आला. फिलाडेल्फियात त्याच्या पेढीत तारांचा खडखडाट दिवसभर थांबत नाही. इथे मात्र तो बाह्या सरसावून टमरेलातले जिवंत बारके मासे निरखतोय. आमिष ताजं आहे की नाही, ही सध्याची मोठी चिंता.

संध्याकाळच्या जेवणाला तुम्हाला भलतीच माणसं भेटतील. कोट कोपरावर विरलेले, बोलणं मृदू, चेहरे उन्हाने नुकतेच भाजलेले. हे खेडोपाडीचे पाद्री. तुटपुंज्या पगारावर संसार करणाऱ्या अशा धर्मोपदेशकांना कुक दर उन्हाळ्यात बेटावर बोलावतो, खर्च सगळा त्याचा. त्याच्या पेढीच्या खातेवहीत बायबलमधल्या याकोबच्या नावाने एक खातंच आहे. नफ्याचा दहावा हिस्सा तिथे जमा होतो आणि दानधर्माला जातो. बास मासा मक्याच्या पिठात घोळवून तळलाय, वरचा पापुद्रा दाताखाली कुडकुडतो, आतला गर पांढराशुभ्र. दुसऱ्यांदा वाढायला आले तर नाही म्हणू नका. जेवणानंतर सगळे एकत्र बसतात. कुकची पत्नी एलिझाबेथ, धाकटा हेन्री, लेकी, नोकरमंडळी. स्तोत्रं, प्रार्थना. आवाज सगळेच सुरात नाहीत, पण मनापासून आहेत. उद्या रविवार असता तर गळ कोपऱ्यात उभे राहिले असते. रविवारी इथे मासेमारी बंद म्हणजे बंद. नशीब, उद्या रविवार नाही.

पहाटे उठा. पाणी थंड, हवा आत्ताच चिकट. होडी एका खडकाळ उथळावर आणून नावाडी नांगर टाकतो. काठी हातात घ्या. रेशमी दोर, पितळेचं रीळ, टोकाला गळ, गळात ओठातून टोचलेला तो वळवळता बारका मासा. रिळाला आवर घालणारं दुसरं काही नाही, तुमचा अंगठाच काय तो. आता थांबा. कुकचा एक पाय फळीवर ताल धरून हलतोय. आजूबाजूला पाण्याची चुळुक, दूरवर कोंबडा.

आणि मग दोर सरकतो.

आधी हळू, मग सणसणत. अंगठ्याखाली रेशीम चटका देत पळतंय, कातडी जळते, पण सोडलंत तर गुंता, दाबलंत तर दोर तुटणार. ‘जरा सोडा! आता धरा! सोडा म्हणतो ना!’ नावाडी आणि एक पाद्री एकदम ओरडतायत. तीस हातांवर पाणी फुटतं आणि मासा उभाच्या उभा हवेत येतो, डोकं झाडत, कल्ले फाकवून. तांबूस पितळी अंग, उभे गडद पट्टे, डोळे लालसर. होडीत आल्यावर तो तुमच्या बुटांवर शेपटी आपटतो, आणि लक्षावधींचे व्यवहार करणारा गृहस्थ गुडघ्यांवर बसून तुमच्यासाठी गळ सोडवतो. त्याच्या बोटांना खवले चिकटलेत. मोहिमेवर निघालेल्या पोराचं हसू आहे चेहऱ्यावर.

घरी गेल्यावर वही उघडली जाते. कोण आलं, वारा कसा होता, किती मासे मिळाले, सगळं त्यात लिहायचं. ही वही १८६५ पासूनची. तुमचा आकडाही सांगा, लाजू नका.

आता डोळे मिटा, मधली वर्षं मी भरभर नेतो. १८७१, एलिझाबेथ गेली. १८७३ चा सप्टेंबर, रेल्वेच्या रोख्यांत पेढी अडकली आणि फिलाडेल्फियात दारं बंद झाली. दारासमोर माणसांचा लोंढा, धक्काबुक्की, काहींच्या डोळ्यांत पाणी. मोठं घर गेलं. बेटावरचं येणं तुटलं. घेणेकऱ्यांपासून तो तोंड लपवून बसला नाही, आणि पुढे युटातल्या चांदीच्या खाणीने पुन्हा हात दिला. पैसा परतला तेव्हा बेटही परतलं. फिलाडेल्फियाजवळचा तो प्रचंड वाडाही परत मिळाला, पण तो मात्र त्याने मुलींच्या शाळेला भाड्याने दिला आणि स्वतः लेकीच्या घरी राहू लागला. या माणसाला किती खोल्या लागत होत्या, हे त्याचं त्यालाच कळलं होतं, असं मला वाटतं.

उघडा डोळे. शतक संपत आलंय, शरद ऋतू आहे. शेजारच्या बेटावरच्या जर्मन शेतकऱ्यांचे द्राक्षमळे उतरलेत आणि आंबूस-गोड वास पाण्यावरून इथवर येतोय. पांढरी दाढी छातीवर रुळते, डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगावर झगा. ऐंशीकडे झुकलेला कुक होडीत चढताना कुणाचा हात घेत नाही. बरोबर नातवंडं. बास कुठे मिळेल यावर त्याचं नावाड्याशी चांगलंच वाजलंय. नावाडी उत्तरेकडे बोट दाखवतो, म्हातारा दक्षिणेच्या खडकावरून हटायला तयार नाही. शेवटी होडी दक्षिणेला वळते. धाकट्या नातवाच्या हातून आमिष निसटतं आणि टमरेल कलंडतं. फळीवर बारके मासे तडफडतायत, पोरं किंचाळतायत, आजोबा हसत हसत दोन्ही हातांनी ते गोळा करतायत. तुम्ही नुसते बघत काय बसलात? वाका, तुमच्या पायाशी तीन आहेत.