आकुंचनाचे रहस्य : सरकणारे धागे

जिना चढणे असो वा लेखणी उचलणे, अशी प्रत्येक हालचाल हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या आकुंचनातून घडते. मात्र, त्या वेळी स्नायूच्या आत नेमके काय आखूड होते, हे कळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

अस्थिस्नायू हा स्नायुतंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो. प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबट पेशी. तिची जाडी साधारणतः १० ते १०० मायक्रोमीटर. लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. अनेक पेशींच्या मीलनातून घडल्यामुळे तिच्यात एकाऐवजी अनेक केंद्रके असतात.

या पेशीत एक ते दोन मायक्रोमीटर जाडीची तंतुके समांतर रचलेली असतात. त्यांवरील गडद आणि फिकट पट्ट्यांमुळे या स्नायूंना 'रेखित' म्हणतात. प्रत्येक फिकट पट्ट्याच्या मध्यावर 'झेड रेषा' असते. अशा लगतच्या दोन रेषांमधील भाग म्हणजे सार्कोमिअर, हेच आकुंचनाचे मूळ एकक. त्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे मध्यभागी, तर अ‍ॅक्टिनचे बारीक धागे दोन्ही बाजूंच्या झेड रेषांना जोडलेले असतात.

अँड्र्यू हक्सली व रॉल्फ निडरगेर्के, तसेच ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात आपले निष्कर्ष मांडले. (दोघा हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते.) आकुंचनात फिकट पट्टा अरुंद होतो, गडद पट्ट्याची रुंदी मात्र कायम राहते. याचाच अर्थ, धागे आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात.

चेतातंतूचा संदेश येताच पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते आणि अ‍ॅक्टिनवरील जागा मोकळ्या होतात. मायोसिनची टोके तेथे चिकटून धागा ओढतात. ही पकड सुटण्यासाठी एटीपी हा ऊर्जादायी रेणू लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपल्याने पकड सुटत नाही व देह ताठरतो.

या रचनेला पेशीच्या आवरणाचा आधारही तितकाच आवश्यक असतो. तो देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन १९८७ मध्ये ओळखले गेले. प्रामुख्याने मुलग्यांना होणाऱ्या ड्युशेन स्नायुविकारात ते जवळजवळ नसतेच. परिणामी प्रत्येक आकुंचनागणिक आवरणाला इजा होऊन तंतू नष्ट होत जातात आणि मुलाची चालण्याची शक्ती हिरावली जाते.