ताणलेले पटल आणि मराठवाड्याची शास्त्रीय परिभाषा

बहुवारिकाचे पातळ पटल एका दिशेने ताणले असता त्याच्या अंगी दोन फरक एकदमच पडतात. आत गुंतून पडलेल्या लांबलचक रेणुसाखळ्या ताणाच्या दिशेला वळतात. त्यामुळे त्या दिशेने पटलाचे बळ वाढते, आणि त्याच कारणाने त्या दिशेचा वक्रीभवनांक आडव्या दिशेच्या वक्रीभवनांकाहून निराळा होतो. एडविन लँड याने १९३८ साली पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे पटल ताणून त्यात आयोडीन मुरवले व प्रकाशाचे ध्रुवण करणारे पटल सिद्ध केले, ते याच गुणाच्या आधारे. अशा साखळ्यांची कल्पना हेरमान श्टाउडिंगर याने १९२० साली मांडली होती. तिच्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळावयास मात्र १९५३ साल उजाडले.

या शास्त्राची उभारणी ज्या दशकांत झाली, त्याच दशकांत नांदेड-लातूरकडील विद्यार्थी पदार्थविज्ञान उर्दूतून शिकत होता. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१७ साली हैदराबादेत भाषांतराचे खाते निघाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक शास्त्रे एका भारतीय भाषेतून उच्च पातळीवर शिकविण्याचा हा प्रयत्न मोठाच होता. त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्या घरी मराठी बोलली जाई, त्याला ती शास्त्रभाषा परकीच राहिली. पुण्यात १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिक मराठी वाचकाला शास्त्रीय शब्दांची सवय लावीत होते. तसे साधन मराठवाड्यात नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियाचे माध्यम लवकरच इंग्रजी झाले, आणि उर्दू संज्ञांचा तो सारा साठा या विद्यार्थ्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे. तोवर मराठी परिभाषेची पायाभरणी अन्यत्र झालेली होती.

ती परिभाषा एकजिनसी नव्हती. जुन्या क्रमिक पुस्तकांतील ‘वक्रीभवन’ विश्वकोशात ‘प्रणमन’ झाले, तर आजच्या शालेय पुस्तकांत ते ‘अपवर्तन’ आहे. त्यांपैकी ‘वक्रीभवन’ सर्वांत रुळलेला, पण सर्वांत फसवाही; किरण दोन माध्यमांच्या सीमेवर दिशा बदलतो, वाकडा होत नाही.

‘बहुवारिक’ या संज्ञेची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. बर्झेलिअस याने १८३३ च्या सुमारास मूळ युरोपीय शब्द योजला, तेव्हा त्याच्यापुढे साखळी नव्हतीच. घटकांचे प्रमाण तेच, परंतु अणूंची संख्या काही पटींनी अधिक, एवढाच अर्थ त्याला अभिप्रेत होता. शब्दाची घडण पाहता ‘वार’ म्हणजे वेळ, आवृत्ती. म्हणजे मराठी संज्ञा श्टाउडिंगरपेक्षा बर्झेलिअसला अधिक जवळची आहे! तिच्यात गणना आहे, लांबी नाही. आणि ताणलेल्या पटलाचे सगळे रहस्य तर साखळीच्या लांबीत आहे.

यंत्रशास्त्रीय संज्ञांची अडचण याहून मोठी. व्यवहारात लावलेले बल आणि पदार्थाच्या आकारात झालेला फरक या दोहोंना मराठी माणूस ‘ताण’च म्हणतो. शास्त्राला मात्र ते वेगळे हवेत. म्हणून ‘प्रतिबल’ व ‘विकृती’ ही जोडी आली. पैकी ‘विकृती’ला बोलीत रोगाचा आणि दुर्वर्तनाचा वास आहे. विद्यार्थी ती पाठ करतो, वापरीत नाही.

वस्तुतः गावरानी कापसाच्या आणि उस्मानशाही गिरणीच्या या नांदेडात मागावरचा उभा धागा ‘ताणा’ म्हणून ओळखला जातो. ‘ताण’, ‘ताणा’ आणि ‘तंतू’ हे तिन्ही संस्कृत ‘तन्’ धातूचे, म्हणजे पसरणे, ताणणे या अर्थाचे. कापसाचा तंतू हाही सेल्युलोज या बहुवारिकाचाच. दाहक सोड्याच्या द्रावात सूत ताणून धरले तर त्याला रेशमासारखी चकाकी येते, हे होरेस लो याने १८९० च्या सुमारास दाखविले. जॉन मर्सर याच्या १८५० च्या मूळ कृतीत ताण नव्हता, म्हणून चकाकीही नव्हती. धागा ताणल्याने त्याचे बळ व तेज दोन्ही वाढतात, ही गोष्ट साखळ्यांचा सिद्धांत मांडला जाण्यापूर्वीच सूतगिरण्यांना ठाऊक झालेली होती.