पोर्टबू : जिथे रुळांचं माप बदलतं

बार्सिलोनाला कामानिमित्त जाणारी आमच्या क्षेत्रातली मंडळी विकांताला काय करतात? गौदीच्या इमारती बघतात, फुटबॉलच्या मैदानाबाहेर फोटो काढतात, आणि फारच उत्साह असेल तर मोन्त्सेर्रातच्या डोंगरावर जाऊन येतात. हे सगळं झालं असेल (किंवा गर्दीचा वीट आला असेल), तर उत्तरेकडे जाणारी साधी पॅसेंजर गाडी पकडा. दोन-अडीच तासांनी, एका बोगद्यातून दुसऱ्या बोगद्यात शिरत गाडी पोर्टबूला येते. भूमध्य समुद्राचा छोटासा कोनाडा, तिन्ही बाजूंनी समुद्रापर्यंत उतरत आलेला पिरेनीज, गोट्यांचा किनारा, आणि जेमतेम हजार-बाराशे वस्ती. पलीकडच्या बोगद्यातून बाहेर पडलं की फ्रान्स.

गाव छोटं, पण स्टेशन? लोखंड आणि काचेचं प्रचंड छत, लांबच लांब फलाट, रुळांचं हे एवढं जाळं. १९२९ साली बार्सिलोनात जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्तानं ही इमारत उभी राहिली. फलाटावर मी उतरलो तेव्हा माझ्याबरोबर सहा माणसं होती. अख्खं गाव त्या छताखाली आणून बसवलं तरी जागा उरेल असं वाटलं.

या विजोडपणाचं कारण आहे चार बोटांचा... म्हणजे खरं तर वितीभर फरक. स्पेननं १८४४ साली रुळांचं माप ठरवलं ते सहा कास्तीयन फूट, म्हणजे १६७२ मिलिमीटर (आता ते १६६८ आहे). फ्रान्सचं माप १४३५. फ्रेंच सैन्य गाडीत बसून थेट आत येऊ नये म्हणून स्पेननं मुद्दाम वेगळं माप घेतलं, अशी दंतकथा अजूनही सांगतात. मूळ अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या डोक्यात मात्र साधी गोष्ट होती: डोंगराळ देशात दमदार इंजिन हवं, त्याला मोठा बॉयलर हवा, मग रूळ रुंद हवेत. आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या गाडीचं माप १६७६, म्हणजे स्पेनहून फक्त ८ मिलिमीटर जास्त. मला तर पोर्टबूच्या रुळांकडे बघून उगीचच घरी आल्यासारखं वाटलं :)

दोन प्रणालींचा इंटरफेस जुळत नसेल तर मध्ये एक अडॅप्टर बसवावा लागतो, हे आमच्या धंद्यात रोजचंच. १८७८ साली इथे दोन देशांचे रूळ जोडले गेले आणि पोर्टबू हे त्या अडॅप्टरचं गाव झालं. इकडची गाडी बोगद्यातून पलीकडच्या सर्बेर गावापर्यंत जाणार, तिकडची पोर्टबूपर्यंत येणार. माणसांनी फलाट बदलायचा, आणि माल? तो हातानं उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा. व्हॅलेन्सियाची संत्री सर्बेरला पोचली की बायका टोपल्या भरभरून स्पॅनिश डब्यातून फ्रेंच डब्यात ओतायच्या. १९०६ साली याच बायकांनी मजुरीसाठी संप केला होता. पोर्टबूत कस्टमचे कारकून, दलाल, हमाल, पोलीस, खानावळी... दोन देशांचं जमत नव्हतं म्हणून या गावाचं पोट भरत होतं.

असो. स्टेशनवर इतकं रेंगाळायचं कारण असं की बहुतेक प्रवासी ते बघतच नाहीत. ते तडक दफनभूमीकडे जातात. मला वाटतं त्याआधी आणखी एका ठिकाणी जावं: गावाच्या वर, बेलित्रेसच्या खिंडीत. रस्ता वळणावळणाचा आहे, चढताना धाप लागते. वर जुनी, ओसाड पडलेली सीमाचौकी आहे, आणि उघड्यावर मांडलेली काही छायाचित्रं.

ती १९३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली आहेत. २६ जानेवारीला बार्सिलोना फ्रँकोच्या हाती पडलं आणि हरलेला अर्धा देश उत्तरेकडे निघाला. फ्रान्सनं आधी सीमा बंद ठेवली, २८ तारखेपासून बायका-मुलं आणि नागरिकांना आत घेतलं, ५ फेब्रुवारीपासून सैनिकांना, तेही शस्त्रं खाली ठेवून. दोन-तीन आठवड्यांत पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं पिरेनीजच्या वेगवेगळ्या खिंडींतून पलीकडे गेली. पलीकडे काय होतं? आर्जेलेसचा समुद्रकिनारा, वाळू आणि काटेरी तार. सुरुवातीला तर डोक्यावर छप्परही नव्हतं.

त्या गर्दीत आन्तोनिओ माचादो हा स्पेनचा थोर कवी होता. बरोबर ऐंशी उलटलेली आई. जानेवारीच्या पावसात ते पोर्टबू ओलांडून सर्बेरला पोचले, सामानाची पेटी वाटेतच राहिली, रात्र रेल्वेच्या डब्यात काढली. पुढे कोलिऊरला २२ फेब्रुवारीला कवी गेला आणि तीन दिवसांनी त्याची आई. त्या पेटीत कागद होते म्हणतात. ती कधीच मिळाली नाही.

आता वीस महिने पुढे या. तोच डोंगर, पण माणसं उलट्या दिशेनं. जून १९४० मध्ये फ्रान्स हिटलरपुढे कोसळला आणि तिथे आसऱ्याला आलेले जर्मन ज्यू, लेखक, डावे कार्यकर्ते पुन्हा पळू लागले. स्पेनमधून पोर्तुगाल, तिथून बोटीनं अमेरिका. वाल्टर बेन्यामीन हा बर्लिनचा तत्त्वज्ञ त्यातलाच एक. वय ४८, हृदयविकार, हातात जड काळी बॅग. अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेन आणि पोर्तुगालमधून जायचे परवाने होते. नव्हता तो फक्त फ्रान्समधून बाहेर पडायचा शिक्का.

म्हणून डोंगरातली चोरवाट. लिसा फिटको नावाची तिशीतली बाई वाट दाखवायला होती. बान्यूल्सच्या महापौरानं तिला ती वाट समजावून सांगितली होती. १९३९ मध्ये हरलेले रिपब्लिकन सैनिक ज्या पायवाटेनं फ्रान्समध्ये उतरले, तीच ही. फिटकोनं पुढे लिहून ठेवलंय की बेन्यामीन घड्याळ लावून चालत होता: दहा मिनिटं चाल, एक मिनिट विश्रांती. दम लागल्यावर थांबायचं नाही, दम लागायच्या आधीच थांबायचं. बॅगेत हस्तलिखित आहे आणि ते माझ्या जिवापेक्षा महत्त्वाचं आहे, असं तो म्हणाला होता.

पोर्टबूच्या पोलिसांनी सांगितलं, नवा हुकूम आलाय, फ्रान्सच्या शिक्क्याशिवाय आलेल्यांना परत पाठवायचं. एक रात्र ‘फोंदा दे फ्रान्सिया’ या हॉटेलात राहायची परवानगी मिळाली. परत जाणं म्हणजे छावणी आणि मग गेस्टापो. त्यानं जवळचं मॉर्फिन घेतलं. कागदोपत्री मृत्यू २६ सप्टेंबर १९४०, कारण मेंदूतील रक्तस्राव. त्याच्याबरोबरच्या लोकांना नंतर पुढे जाऊ दिलं. आदल्या दिवशी आला असता तर सुटला असता, आणि एक दिवस उशिरा आला असता तर सीमा बंद झाल्याचं मार्सेयमध्येच कळलं असतं. ही वेळेची गणितं हान्ना आरेन्टनं नंतर मांडली आहेत, आणि ती वाचून पोटात खड्डा पडतो. (बेन्यामीनचा खून झाला वगैरे तर्कही पुस्तकांतून फिरतात. मला तरी त्यात दम वाटत नाही.)

पुढचा भाग निव्वळ नोंदींचा. हॉटेलच्या बिलात टेलिफोनचे पैसे आहेत, खोली निर्जंतुक केल्याचा खर्च आहे. सामानाच्या यादीत घड्याळ, पाईप, छायाचित्रं, एक्स-रे, चष्मा आणि काही कागद. हस्तलिखित नाही. नोंदवहीत नाव उलटं चढलं, बेन्यामीन वाल्टर, त्यामुळे तो कॅथलिक ठरला आणि त्याला कॅथलिक भागात जागा मिळाली. पाच वर्षांचं भाडं भरलेलं होतं, ते संपल्यावर अस्थी सामाईक खड्ड्यात गेल्या. आरेन्ट स्वतः काही महिन्यांनी याच वाटेनं निसटताना इथे थांबली होती, तिला कबर सापडली नाही. मात्र बेन्यामीननं तिच्याकडे आधीच सोपवलेला इतिहासाविषयीचा शेवटचा निबंध तिनं न्यूयॉर्कला पोचवला. बॅकअप होता म्हणून तेवढं तरी वाचलं.

दफनभूमी समुद्रावरच्या कड्यावर आहे, पांढऱ्या भिंतींची, आणि खरंच फार सुंदर. दाराशीच दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकारानं केलेलं, १९९४ मध्ये खुलं झालेलं स्मारक आहे. गंजलेल्या पोलादाचा एक बंदिस्त जिना, कड्याच्या पोटातून तिरपा खाली समुद्राकडे जाणारा. आत अंधार, पावलांचा आवाज भिंतींवरून परत येतो, खाली फेसाळणारं पाणी दिसतं. ऐंशीच्या आसपास पायऱ्या असतील, पण शेवटपर्यंत जाता येत नाही. वाटेत जाड काच आहे. तिच्यावर त्याच शेवटच्या निबंधाच्या टिपणांतला मजकूर अनेक भाषांत कोरलाय. विषय असा की नामवंतांपेक्षा निनावी लोकांची आठवण राखणं कठीण. मी काचेपाशी उभा असताना वरच्या खिंडीतले ते फोटो डोळ्यांसमोर येत होते. एका बाईच्या डोक्यावर गादी होती.

गाव मात्र ओसरतंय. १९९३ च्या सुरुवातीला युरोपात एकच बाजारपेठ झाली आणि कस्टमचं काम गेलं. रुळांच्या मापावर तर १९६९ सालीच तोडगा निघाला होता, चाकांमधलं अंतर बदलणारी ताल्गो गाडी त्या वर्षापासून इथूनच जायची. २०१३ पासून पॅरिस-बार्सिलोना वेगवान गाड्या डोंगरापलीकडच्या नव्या बोगद्यातून, थेट युरोपीय मापाच्या रुळांवर धावतात. पोर्टबूची वस्ती एके काळी आजच्या दुपटीहून जास्त होती. मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं मला बंद दिसली.

कुणाला जायचंच असेल तर: बान्यूल्सहून पोर्टबूपर्यंतची ती पायवाट आता खुणा लावून चालण्यासाठी खुली आहे. सकाळी लवकर निघा, पूर्ण दिवस धरा. उन्हाळ्यात पाणी भरपूर घ्या, वाटेत सावली कमी आहे. उत्तरेचा त्रामुन्ताना वारा सुटला असेल तर बेत रद्द करा. आणि पासपोर्ट-व्हिसा खिशात ठेवा. फ्रान्सनं २०१५ मध्ये सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू केली, आणि परतीच्या वाटेवर सर्बेरच्या फलाटावर माझी कागदपत्रं बघितली गेली. डब्यातल्या सगळ्यांची नाही.